बिस्किटे कडवट का झाली?

मागच्या सुटीत घरी ओट, ज्वारीचे पीठ, केळे व खजूर यांची बिस्किटे भाजली. ती फुगली बेताचीच आणि लागली कडवट! चूक कोठे झाली?

उत्तराचा धागा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला सापडतो. उल्काघाताने झालेल्या त्या विवरातील सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे. त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, विरघळलेला असतो. तोच पदार्थ आमच्या बिस्किटांत तयार झाला होता.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो नुसताच तापविला, तर ८४ ग्रॅममधून २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९ ग्रॅम वाफ निघून जाते आणि ५३ ग्रॅम धुण्याचा सोडा मागे उरतो. कडवटपणा त्याचाच. पुरेसे आम्ल मिळाले, तर मात्र तेवढ्याच सोड्यातून ४४ ग्रॅम, म्हणजे दुप्पट वायू सुटतो आणि धुण्याचा सोडा उरत नाही. केळ्यात व खजुरात आम्ल फारच थोडे.

दुसऱ्या खेपेस चिमूटभर सोड्याला चहाचा चमचाभर लिंबाचा रस घातला. आम्ल मिसळताच वायू सुटू लागतो, म्हणून बिस्किटे लगेच भट्टीत ठेवली. ती छान फुगली आणि कडवटपणाही गेला.

आता तुम्हीच सांगा, ढोकळ्याच्या पिठात सोड्याबरोबर लिंबू का पिळतात?