युनिक्सच्या शाळेतील आजन्म विद्यार्थी

युनिक्स अथवा लिनक्स शिकू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरशी. आज्ञा टंकून एंटरची कळ दाबावी, तर बहुधा काहीच उत्तर येत नाही. नवख्याला वाटते, काही तरी चुकले. वस्तुतः येथे मौन हीच होकाराची खूण असते. तक्रार असेल तरच यंत्र बोलते.

या अबोलपणाला इतिहास आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली घडवायला घेतली. पुढे तिच्यावर काम होई ते कागदावर सावकाश छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांवरून. साहजिकच आज्ञा आखूड राहिल्या आणि उत्तरेही. नक्कल करण्यासाठी ‘सीपी’, हलवण्यासाठी ‘एमव्ही’, पुसण्यासाठी ‘आरएम’. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स आणले, तेव्हा हीच परंपरा पुढे चालू राहिली. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे.

युनिक्समधील प्रत्येक साधन शक्यतो एकच काम करते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये ‘पाइप’ आला आणि एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देता येऊ लागले. पण प्रत्येक साधनाचा स्वभाव निराळा. समजा, एखाद्या यादीत प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजायचे आहे. त्यासाठी ‘युनिक’ आहे; मात्र ते प्रत्येक ओळ फक्त लगतच्या ओळीशी ताडून पाहते. यादी आधी ‘सॉर्ट’ने लावून घेतली नाही, तर मोजणी चुकते आणि यंत्र गप्पच राहते. आज्ञा पार पडली, एवढेच त्या मौनातून कळते. ती योग्य होती असे नव्हे. वर्षानुवर्षे युनिक्स वापरणारेही येथे फसतात.

मी याची किंमत मोजली आहे. जुन्या ‘बॅक’ फाइली पुसताना तारांकन आणि टिंब यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. यंत्राने एकच तक्रार केली: ‘टिंब बॅक’ नावाची फाइल सापडत नाही! फोल्डरमधील बाकी साऱ्या फाइली, दोन वर्षांच्या टिपणांसह, ते निमूटपणे पुसून मोकळे झाले होते. ‘आरएम’ला कचरापेटी ठाऊक नाही. तेव्हापासून पुसण्यापूर्वी तोच नमुना ‘एलएस’ला देऊन नेमके काय हाती लागते ते मी पाहतो. ही खबरदारी पहिल्याच दिवशी शिकण्याजोगी होती. मला ती दहाव्या वर्षी सुचली.

विसरणाऱ्यांची सोय मात्र या मंडळींनी प्रारंभीच केली होती. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. तिच्यात आज्ञांच्या वर्णनाखाली ‘बग्ज’ असा रकाना असे आणि स्वतःच्या साधनांचे दोष कर्ते त्यात सरळ लिहीत. आजच्या संगणकी उत्पादनांच्या जाहिराती वाचल्यावर हा रकाना फार सभ्य वाटतो. आजही ‘मॅन’ ही आज्ञा देऊन तीच जातकुळी सांगणारी पाने वाचता येतात. ती रूक्ष आहेत, उदाहरणांची वानवा आहे. पहिल्या वाचनात निम्मे कळले तरी पुरे.

नवख्याने ‘मॅन मॅन’पासून आरंभ करावा. पुस्तिका कशी वाचावी हे सांगणारे पान उघडते. त्यातून बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ दाबायचे असते.