डब व डबस्टेप
जमेकातील रेगे संगीतातून उद्‌भवलेले ध्वनिमिश्रणाचे तंत्र व त्याच्या प्रभावाने लंडनमध्ये घडलेली इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची शैली. १९६८ च्या सुमारास किंग्स्टन येथे रेगे तबकडीच्या मागील बाजूस त्याच गाण्याचे गायनविरहित वादन देण्याची प्रथा पडली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबी (१९४१–८९) याने पुढे ध्वनिमिश्रणफलकालाच वाद्याचे स्थान दिले. तो गायन व गिटार मधूनच काढून घेई. ड्रम आणि खर्जातील बास तेवढे उरत व एखादा तुटका शब्द प्रतिध्वनीत विरत जाई. वगळणे हीच येथे रचना होय.

जमेकन स्थलांतरितांबरोबर हे संगीत व त्यासाठीचे प्रचंड ध्वनिक्षेपक-संच इंग्लंडमध्ये गेले. २००० नंतर दक्षिण लंडनमधील क्रॉयडनच्या तरुणांनी गराज संगीतातील गायन कमी करून डबचा खर्ज व पोकळी स्वीकारली. डबस्टेपची गती मिनिटास सुमारे १४० ठोके असते. तथापि मुख्य आघात तिसऱ्या ठोक्यावर येत असल्याने ती निम्मी भासते. लहान ध्वनिक्षेपकावर यातील खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. तो अंगाला जाणवावा लागतो. पुढे अमेरिकेत कर्कश मध्यस्वरांचा भरणा होऊन ही पोकळी बव्हंशी बुजली. भारतात मात्र मूळ परंपरेला श्रोते लाभले : दिल्लीच्या ‘रेगे राजाज’ या वृंदाने २०१६ मध्ये गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू केला.