हुबळीहून जुन्या गोव्यास पायी

जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी पायी जाणारे यात्रेकरू आमच्या वाचकांस नवे नाहीत. नोव्हेंबर सरता सरता बेळगाव, सावंतवाडी, कारवार या बाजूंनी लहानमोठे जथे गोव्याच्या रस्त्यास लागतात. तथापि हुबळी-धारवाडकडून, म्हणजे घाटमाथ्याच्याही पलीकडील काळ्या मातीच्या मुलखातून, चालत जाण्याचा विचार आम्ही बोलून दाखविला तेव्हा घरच्यांनी प्रथम आमच्या वयाकडे व मग आमच्या चपलांकडे पाहिले.

हुबळी व धारवाड ही वीस किलोमीटरांच्या अंतरावरील जुळी शहरे. 1962 पासून दोहोंची महानगरपालिका एकच आहे. येथील कॅथॉलिक कुटुंबे बेळगाव धर्मप्रांतात मोडतात. कोणाच्या घरी कोंकणी, कोणाच्या मराठी, कोणाच्या कानडी. आणि जपमाळेची वेळ झाली की बहुधा तिन्ही. 2024 साली पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन होते. 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी एवढे दिवस ते बॉम जीझसच्या बासिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणून ठेविले होते. आम्ही अकरा जण सोमवारी, 25 नोव्हेंबरला पहाटे, हुबळीहून निघालो. रविवारी 1 डिसेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, जुन्या गोव्यात संध्याकाळच्या मिस्सेस पोहोचावयाचे असा बेत होता. मुक्कामांचे वेळापत्रक आम्हीच आखले होते व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. ही गोष्ट येथेच सांगून ठेवितो, कारण पुढे ती आमच्या अंगाशी आली.

निघण्यापूर्वी आमच्या गल्लीतील एका वारकरी बुवांकडे सल्ला मागावयास गेलो होतो. आषाढीस पंढरपूरची वाट त्यांनी अनेक वर्षे तुडविली आहे. बुवांनी नवे बूट घेऊ नका, जुनीच पायताणे चालवा, असे सांगितले. खोबरेल तेल बरोबर घ्यावयास सांगितले. मग म्हणाले, "रोज मुक्कामाला टेकलात की जेवणाआधी एकमेकांचे पाय बघा. आपले दुखणे आपण लपवतो, दुसऱ्याला दिसते." आम्ही मान डोलाविली आणि तेल तेवढे घेतले.

ज्यांच्या दर्शनास निघालो होतो ते संत स्वतः मोठे चालणारे होते. 1536 च्या नोव्हेंबरात ते व त्यांचे सोबती पॅरिसहून पायी निघाले ते ऐन हिवाळ्यात, 1537 च्या जानेवारीत, व्हेनिसला पोहोचले. 6 मे 1542 रोजी ते गोव्यास उतरले; पुढे जपानातही बर्फातून राजधानीपर्यंत चालत गेले. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सानसियान बेटावर त्यांचा अंत झाला आणि 1554 साली त्यांचा देह गोव्यास आला. तेव्हापासून माणसे तिकडे जात आहेत. मधली काही वर्षे वाट बंद होती एवढेच. 1955 साली भारत व पोर्तुगीज गोवा यांमधील रहदारी तुटली. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर, 1964 च्या दर्शनास, आमच्या सोबत्यांपैकी एकाचे वडील धारवाडहून गेले होते. ते मात्र आगगाडीने.

आमची वाट धारवाड, अळणावर, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा अशी होती. अंथरुणे व भांडी वाहण्यास एक टेंपो भाड्याने घेतला होता. धारवाड सोडल्यावर ज्वारी-कापसाची शेते हळूहळू मागे राहतात, अळणावरपुढे सागाचे रान लागते, आणि रामनगरपासून हवाच पालटते. अंगास ओल जाणवू लागते. कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती. ही भाकरी आठवडाभर टिकते. चौथ्या दिवशी तिचा आवाज दाताचा की भाकरीचा हे कळेनासे होते इतकेच. अनमोडनंतर अभयारण्याचा टापू असल्याने उजाडल्याशिवाय पाऊल टाकावयाचे नाही असा कडक नियम केला होता. घाटात गवे दिसतील म्हणून तरुण मंडळी डोळे लावून होती. दिसले ते मालाचे ट्रक, एकामागून एक, वळणावर अंगाला चाटून जाणारे.

घाट उतरण्यास सोपा असे पुष्कळांस वाटते. तो चढापेक्षा वाईट. सगळा भार पुढच्या बोटांवर व टाचेवर येतो. आम्ही त्या दिवशी ठरल्यापेक्षा दीड तास आधी मोल्याला पोहोचलो आणि त्याचा आनंद मानिला. आमच्यातील सर्वांत वडील बाई, ज्यांना आम्ही सर्व अक्का म्हणत असू, शेवटी आल्या व न बोलता भिंतीस टेकून बसल्या. कोणीही त्यांचे पाय पाहिले नाहीत.

फोंड्यास शनिवारी रात्री ते उघड झाले. पायास गुंडाळलेल्या फडक्यातून डाग दिसला म्हणून एका मुलीने हट्टाने ते सोडले. टाचेचा फोड घाटातच फुटलेला, भोवती लाली, पाऊल घोट्यापर्यंत सुजलेले. अक्कांस मधुमेह आहे. ज्यांची साखर जुनी असते त्यांच्या पावलांची जाणीव पुष्कळदा मंदावते. जखम दुखत नाही म्हणून ती लहान वाटते, आणि भरून मात्र लवकर येत नाही. डॉक्टरांनी मलमपट्टी केली, औषध दिले व बजावले की उद्या चालावयाचे नाही.

जुने गोवे तेथून अठरा-वीस किलोमीटर.

अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी टेंपोत बसणार नाही." मग त्यांनी आम्हांस ते सांगितले जे सहा दिवसांत सांगितले नव्हते. त्यांचा मुलगा अपघातानंतर चार महिने अंथरुणावर होता. तो उठून चालला तर मी सायबाच्या पायांशी चालत येईन, असा त्यांचा नवस. मुलगा आता चालतो. "त्याचे पाय मागितले, मग माझे द्यायला नकोत?"

त्यावर आमच्यात जे झाले ते वादापेक्षा भांडणच म्हणावे. हुबळीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, पाय गेला तर मुलगा काय म्हणेल? कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला की स्पेनमध्ये सांतियागोला शेवटचे शंभर किलोमीटर पायी केल्याखेरीज यात्रेचे प्रमाणपत्र मिळत नाही. नियम तो नियम. काका म्हणाले, जुन्या गोव्यात कोण प्रमाणपत्र वाटणार आहे? आम्ही काही बोललो नाही. आमच्या खिशात ते वेळापत्रक होते.

अखेर आम्ही धारवाडच्या आमच्या धर्मगुरूंना फोन केला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्यांनी सांगितले ते आमच्या घरोघरच्या वाचकांस माहीत असावे असे वाटते, कारण नवस बोलणारे आपण पुष्कळ आहोत व त्याचा कायदा ठाऊक असणारे थोडे. 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार नवस म्हणजे परमेश्वरास समजून-उमजून, स्वखुशीने दिलेले वचन. आणि ते शक्य असलेल्या व अधिक चांगल्या गोष्टीचेच असावे लागते. योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे धर्मगुरू आपल्या माणसास खाजगी नवसातून मोकळे करू शकतात. स्वतः नवस करणाऱ्यासही तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात बदलता येतो. फादरांनी अक्कांशी एकट्यांशी बोलणे केले. काय बोलले ते आम्हांस ठाऊक नाही. फोन परत देताना अक्का एवढेच म्हणाल्या, "सोडलं त्यांनी मला." त्या स्वरात सुटका होती असे आम्ही म्हणणार नाही.

रविवारी पहाटे अक्का टेंपोत बसल्या, पुढल्या बाजूस, जपमाळ हातात घेऊन. आम्ही बाकीचे दहा जण चाललो. टेंपोवाल्यास आम्ही पुढे जाऊन थांबावयास सांगितले होते. अक्कांनी त्यास आमच्या मागून, चालीच्या वेगाने यावयास लाविले. बाणस्तारीच्या पुलावर मागे मोटारींची रांग लागली, शिट्या वाजल्या, एकाने काच खाली करून शिव्याही दिल्या. टेंपोवाला मान खाली घालून तसाच येत राहिला.

जुन्या गोव्यातील गांधी चौकापाशी अक्का उतरल्या. तेथून कॅथेड्रल जवळच आहे. डॉक्टरांची आज्ञा येथे मोडली हे आम्ही लपवीत नाही. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने तो नियमवाला मुलगा. चार-चार पावलांवर थांबत आम्ही अकराही जण त्यांच्या चालीने चाललो. पोहोचलो तेव्हा ठरलेली मिस्सा अर्ध्यावर आली होती. वेळापत्रकात ती आमची शेवटची ओळ होती.

वृद्ध व आजारी यांस रांगेतून पुढे सोडीत होते. अक्कांनी ती सवलत घेतली, मुकाट्याने घेतली, आणि आम्हांस त्याचे नवल वाटले. आम्ही पुष्कळ वेळाने आत गेलो. काचेपाशी क्षणभर उभे राहावयास मिळते. मागचा माणूस पुढे सरकतोच. सहा रात्री ज्या प्रार्थना मनात जुळविल्या होत्या त्यांपैकी एकही त्या क्षणी आठवली नाही. अक्कांचे पाऊल डोळ्यांपुढे होते.

मंगळवारी सणाची मिस्सा ऐकून रात्रीच्या गाडीने परत निघालो. सात दिवसांची वाट गाडी एका रात्रीत मागे टाकते. अक्का पाय समोरच्या बाकावर ठेवून जाग्या होत्या. घाट चढून गेल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर काळोखच होता. "आपला रस्ता कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारिले. आम्हांस नक्की सांगता येईना. तिनईघाट गेले, लोंढा गेले. अळणावरला गाडी थांबली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "इथे पाणी गोड होते." मग त्यांनी पाय खाली घेतला, आणि आम्ही न सांगता वाकून पट्टी पाहिली. कोरडी होती.