देवगिरीची पोती आणि उबुंटूचा पहारेकरी

लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलं आणि डाऊनलोड केलेलं एखादं ॲप डबल क्लिकला दादच देईना, असं बऱ्याच जणांचं होतं. टर्मिनलमधून चालवलं, तर तक्रार सँडबॉक्सची. ॲप बिघडलेलं नसतं, त्याला ॲपआर्मरने अडवलेलं असतं. कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा, हे प्रोफाइल वाचून ठरवणारा हा कर्नलमधला पहारेकरी. क्रिस्पिन कोवन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये त्याची सुरुवात केली, २०१०मध्ये तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आला.  

अडवणुकीचं कारण ‘यूजर नेमस्पेस’. त्यात साध्या प्रोग्रामलाही स्वतःपुरतं रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येतं. ब्राउझर त्याचा उपयोग वेबपानाला कोंडून ठेवायला (हाच सँडबॉक्स) करतो, तर घुसखोर कर्नलमधल्या चुकांपर्यंत पोचायला. म्हणून उबुंटूने ही सवलत फक्त प्रोफाइल असलेल्यांनाच ठेवली.

यावरचा लोकप्रिय तोडगा म्हणजे ही अडवणूक ठरवणारं कर्नलचं सेटिंग शून्य करणं. मशीन रीस्टार्ट झालं की ते पूर्ववत होतं, म्हणून मग नेटवरून उचललेली सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस बसवायची. दर बूटला ती रूटच्या अधिकाराने पहारा उठवते. एका ॲपसाठी सगळ्यांनाच दार मोकळं! आणि चार महिन्यांनी ती सर्व्हिस कुणाला आठवतही नाही.

न बघता आत घेतलेली वस्तू कशी अंगलट येते, हे देवगिरीने पाहिलंय. संभाजीनगरहून वेरूळला जाताना हा किल्ला लागतो. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा यादव राजे रामदेवराय किल्ल्यात शिरले. पळालेल्या व्यापाऱ्यांची पोती धान्य समजून घाईघाईने आत घेतली होती; उघडली तर कोकणातलं मीठ. शिबंदीला खायला काही उरलं नाही आणि तह करावा लागला. ही हकीकत सांगणारा इतिहासकार फिरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा, त्यामुळे तीही चिमूटभर मिठासकटच घ्यावी. पण न उघडता आत घेतलेलं पोतं म्हणजे नेटवरून उचललेली, न वाचता रूटने चालवलेली स्क्रिप्टच.

गंमत म्हणजे पहारा उठवणाऱ्या त्या सर्व्हिसची गरजच नसते. अडलेल्या ॲपपुरतं चार ओळींचं प्रोफाइल लिहून त्यात नेमस्पेसची परवानगी द्यायची. दर बूटला प्रोफाइलं चढवणारी ॲपआर्मरची स्वतःची सर्व्हिस उबुंटूत आधीपासून असतेच.

हा पहाराही अभेद्य नाही. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी मार्च २०२५मध्ये तो चुकवायच्या तीन वाटा दाखवल्या. त्यातली एक तर ॲपआर्मरच्याच एका हत्यारातून जाते.