बोली मोठी, पट्टी कोरी

शेळगावच्या डाळिंबाला दोन वाटा माहीत आहेत, इंदापूरच्या आणि बारामतीच्या बाजार समितीची. तिसरी वाट व्यापाऱ्याच्या टेम्पोची. ती थेट बागेत येते. पैसे बुडाल्याची गोष्ट निघाली की खोदून विचारावं, माल कुठं दिला? उत्तर बरेचदा ‘बांधावर’ असंच येतं. दोष मात्र समितीतल्या लिलावाला लागतो.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज असा: बोली सुटली की माल व्यापाऱ्याचा, आता आपण फक्त वाट बघायची. 1930 चा मालविक्री कायदा तसं म्हणत नाही. बोली पक्की होईपर्यंत बोलणाऱ्याला माघार घेता येते, पक्की झाली की सौदा झाला, हे खरं. पण उधारी ठरलेली नसेल आणि पैसे मिळाले नसतील, तर ताब्यातला माल अडवून धरायचा हक्क विकणाऱ्याचा आहे. नाशवंत मालाला आणखी मोकळीक. वाजवी वेळेत पैसे आले नाहीत, तर डाळिंब दुसऱ्याला विकून पडलेल्या भावाचं नुकसान पहिल्या खरेदीदाराकडून मागता येतं. नाशवंत नसलेला माल असेल, तर फेरविक्रीची आगाऊ नोटीस द्यायला हवी, नाहीतर ही भरपाई हातची जाते. आणि एकदा कॅरेट टेम्पोत चढून टेम्पो निघून गेला, की अडवायला काही उरत नाही. उरतो तो वसुलीचा दावा.

दुसरा समज ऑनलाइनचा. ई-नाम, म्हणजे शेतमालाचा ऑनलाइन बाजार, 14 एप्रिल 2016 ला सुरू झालं, बारामतीत रेशीम कोषांचे सौदेही त्यावर होतात. स्क्रीनवर भाव दिसला म्हणजे खात्यात पैसे पडले असं नाही. बोली, काटा, पट्टी, पैसे आणि मग गेटबाहेर, असा तिथला क्रम आहे. ‘बोली ऑनलाइन, पैसे नंतर बघू’ असं तोंडी ठरवलं, की संगणकाचा काय दोष?

‘तीन दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे’ हे तर अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. तो कायदा होता. 2020 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातल्या एका मका उत्पादकाने त्याच आधारावर मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांकडून थकलेली रक्कम वसूल केली. पंतप्रधानांनी 29 नोव्हेंबर 2020 च्या ‘मन की बात’मध्ये ती हकिकत सांगितली. बरोबर एक वर्षाने, 29 नोव्हेंबर 2021 ला, संसदेने त्या कायद्यासह कृषी कायदे मागे घेतले. आज त्या कलमाचा दाखला देऊन काही हाती लागत नाही. व्यापारी परवानाधारक असेल, तर 1963 च्या राज्य कायद्यानुसार बाजार समितीकडे तक्रार करता येते आणि समिती परवाना निलंबित करू शकते. बांधावर आलेल्या बिनपरवान्याच्या माणसाचं समिती काय निलंबित करणार?

‘पोलिसांत जाऊ, सुतासारखा सरळ होईल.’ दर वेळी नाही. पैसे थकवणं हे आपोआप फसवणूक ठरत नाही. सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. त्यापेक्षा न वटलेला चेक उपयोगाचा, फक्त तारखा सांभाळायच्या. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर त्याला 15 दिवस, तरीही पैसे नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक मात्र तीन महिन्यांच्या आत भरलेला हवा.

बँका हे सगळं आधीच ओळखून असतात. थकलेल्या कर्जापोटी घर लिलावात काढलं, तर घेणाऱ्याने त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, 25 टक्के भरायचे आणि एरवी बाकी 15 दिवसांत. चुकला की भरलेले जप्त आणि घर पुन्हा लिलावात. आपण मात्र चार-पाच हजारांच्या इसारावर अख्खी बाग सोडतो.

आणि जुना पंप मोबाइलवरून विकताना ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असं कुणी म्हणालं, तर थांबा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. टाकून बसला असाल, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. योगायोग असा, की मालविक्रीच्या कायद्याचं सालही तेच.