चाळ सुटली, समाज सुटू नये

मुंबईची गर्दी वाढतच चालली, असे आपण सहज बोलून जातो. जनगणनेचे आकडे मात्र निराळे सांगतात. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार लोक होते. २०११ साली ३० लाख ८५ हजार उरले. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेला आणि पालघरसह तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. दाटीतही उपनगराने शहराला मागे टाकले. २०११ साली एका चौरस किलोमीटरमध्ये शहरात १९,६५२ माणसे होती, तर उपनगरात २०,९८०. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हाच आकडा २७७ होता.

हे का घडले? १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. रोजी गेली, जागेचे भाव मात्र आभाळाला भिडले. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन भावांचे संसार कसे मावणार? थोरला राहिला, धाकटे कल्याण, उल्हासनगर, बदलापूरकडे गेले. घर मिळाले, पण रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जाऊ लागले.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. त्या दाटीत हाल होते, पण माणसे हाकेच्या अंतरावर होती. म्हणून सभा भरत, वर्गणी जमे, चळवळ चाले. पांगलेल्या समाजाला हे आपोआप मिळत नाही.

माणसे जातात तिकडे सत्ताही जाते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत मुंबई शहराच्या विधानसभेच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगराच्या १७ च्या २६. शाळा, दवाखाने, पाणी यांचा हिशेबही डोकी मोजूनच होतो.

आपल्या जिल्ह्यातूनही पोटापाण्यासाठी सुरत-मुंबई गाठणारी कुटुंबे आहेत. त्यांना व त्यांच्या नातलगांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, २०२७ च्या जनगणनेत जिथे राहता तिथेच नोंद करा. धर्म ‘बौद्ध’ लिहिला गेला का आणि जात दाखल्याप्रमाणे आली का, हे समोर बसून पाहा. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्या कागदावरच्या चुकीने जाऊ नयेत. दुसरी, मतदारयादीत नाव नव्या पत्त्यावर घ्या आणि नव्या वसाहतीत दहा घरे असली तरी रविवारी वंदनेला एकत्र बसा. मुलांसाठी अभ्यासिकाही तिथूनच सुरू होईल.

जयभीम!