दूध नको, फळ नको म्हणणाऱ्या मुलांसाठी बीडच्या सीताफळाचं पुडिंग: ते कडू का होतं आणि काय केलं की होत नाही?

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर हा संवाद तुमच्या पाठ असेल. "दूध पी." "नको, साय आहे." "बरं, गाळून देते." "नको, आता गार झालं." "केळं खा." "नको, काळं पडलंय." शेवटी आई दमते, आजी "राहू दे गं, भूक लागली की खाईल" म्हणते आणि पोरगं चहात बिस्कीट बुडवून खाऊन खेळायला पळतं.

अशा वेळी बऱ्याच घरांत पुडिंग किंवा कस्टर्ड करून बघतात. चमच्याने खायचं, गोड, मऊ, त्यात दूधही जातं आणि फळही. कल्पना चांगलीच आहे. पण बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या मराठवाड्यात राहणाऱ्यांनी आधी घरातल्या टोपलीकडे बघावं. इंग्रजीत ज्याचं नावच 'कस्टर्ड अ‍ॅपल' आहे ते सीताफळ आपल्याकडे डोंगरात उगवतं. गर इतका मऊ आणि गोड की परक्यांनाही तो पहिल्यांदा चाखल्यावर कस्टर्डच आठवलं!

बीड आणि सीताफळ

सीताफळ मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. पण बालाघाटच्या डोंगररांगांत ते असं रुजलंय की कुणाला परकं म्हणवत नाही. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या भागातल्या मुरमाड, उथळ जमिनीत, कमी पावसातही ही झाडं तग धरतात. जनावरं त्यांचा पाला सहसा खात नाहीत, त्यामुळे बांधावर आणि माळावर ती टिकून राहतात. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्रही अंबाजोगाईलाच आहे.

हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत. म्हणजे जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं कोयते घेऊन कारखान्यांकडे निघायची तयारी करतात, त्याच दिवसांत. अनेक घरांत आई-बाप निघून जातात आणि लहानगी आजी-आजोबांकडे राहतात. जेवायला कुरकुर करणारं मूल हा फक्त शहरातल्या फ्लॅटमधला प्रश्न आहे असं समजू नका. आई चार-पाच महिने लांब असताना तिच्या लेकराला दोन घास भरवणं काय असतं, ते त्या आजीलाच विचारा. म्हणून इथे दिलेल्या कृतीला फ्रीज लागत नाही, ओव्हन लागत नाही, अंडंही लागत नाही.

मुलं 'नको' का म्हणतात?

साधारण दोन वर्षांनंतर बहुतेक मुलं नवीन पदार्थाला बिचकायला लागतात. आधी सगळं तोंडात घालणारं बाळ अचानक ताटातली हिरवी मिरी निवडून बाजूला ठेवायला लागतं. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. या वयात मूल चालायला लागलेलं असतं आणि अनोळखी गोष्ट तोंडात न घालणं ही त्याची एक प्रकारची राखणच असते. बऱ्याच मुलांत हे शाळेत जायच्या वयापर्यंत हळूहळू कमी होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अशी मुलं पुष्कळदा चवीला नाही, तर स्पर्शाला नाही म्हणत असतात. दुधावरची साय, वरणातली मोहरी, सीताफळातली बी. मऊ घासात मध्येच काहीतरी वेगळं लागलं की संपलं. पुडिंग मुलांना आवडतं ते यामुळेच. पहिला चमचा जसा, तसाच शेवटचा.

सीताफळात मात्र एका फळात तीस-चाळीस बिया सहज निघतात, शिवाय सालीजवळचा गर रवाळ असतो. मोठ्यांना तो रवाळपणा आवडतो, हट्टी पोराला तो वाळू वाटतो. म्हणजे काम दोनच: बिया पूर्ण काढायच्या आणि सालीला घट्ट चिकटलेला थर खरवडून घ्यायचा नाही. तो थर आपण चमच्याने खावा, पुडिंगमध्ये घालू नये.

पुडिंग कडू का होतं?

आता मुख्य मुद्दा. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एकच चूक करतात. बासुंदीसारखं म्हणून गर उकळत्या दुधात टाकतात आणि ढवळत बसतात. थोड्या वेळाने चाखलं तर मागून कडवट लागतं, रंगही तपकिरी-गुलाबी व्हायला लागतो. मग दोष फळाला, नाहीतर दुकानदाराला!

सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, हा या फळाचा स्वभावच आहे. आंब्यासारखा त्याचा रस आटवून बाटलीत भरता येत नाही. कारखान्यातही त्याच्यावर उष्णतेची प्रक्रिया करणं म्हणूनच अवघड जातं आणि गर गोठवून विकला जातो. चांगल्या सीताफळ बासुंदीतही दूध आधी आटवून गार करतात आणि गर शेवटी मिसळतात. पुडिंगलाही हाच नियम.

कृती

पाच लहान वाट्यांसाठी अर्धा लिटर दूध, 3 सपाट टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, 2 चहाचे चमचे साखर आणि दोन मोठ्या पिकलेल्या सीताफळांचा गर, म्हणजे साधारण एक कप.

फळ निवडताना डोळे बघा. डोळ्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर दिसायला लागल्या की फळ पाडाला आलं. असं फळ गवतात किंवा धान्यात अढी लावून ठेवलं की दोन-चार दिवसांत मऊ होतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. साल काळी पडते आणि फळ धड पिकतही नाही.

हात स्वच्छ धुऊन गर एका मोठ्या भोकांच्या चाळणीत घ्या आणि चमच्याच्या पाठीने हलकेच दाबत फिरवा. गर खाली, बिया वर. मिक्सर वापरू नका. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि फुटलेली बी विषारी असते. गावाकडे उवांवर ही बियांची पूड लावायची पद्धत आहे; ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. चुकून अख्खी बी गिळली तर ती सहसा तशीच बाहेर पडते, पण लहान मुलाच्या घशात ती अडकू शकते. म्हणून चाळून झालेल्या गरात एकदा बोट फिरवून खात्री करा. यात आळस नको.

आता कॉर्नफ्लोअर. ते पाव कप गार दुधात कालवून घ्या. गरम दुधात थेट टाकलं की प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते, तिच्यावर चिकट कवच येतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग रवीने कितीही घुसळा, गुठळ्या मोडत नाहीत. उरलेलं दूध साखर घालून उकळा, आच मंद करा, कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात आणि दूध दाटतं. दाटल्यावर लगेच उतरवू नका. बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते आणि हट्टी पोरगं ती पहिल्याच चमच्यात ओळखतं.

पातेलं उतरवा. अधूनमधून ढवळत गार होऊ द्या, म्हणजे साय धरणार नाही. पातेलं हाताला जेमतेम कोमट लागलं की गर घाला आणि एकजीव करा. हे पुडिंग सुरीने कापण्याइतकं घट्ट होत नाही, चमच्याने खाण्याजोगं होतं. फ्रीज नसेल तर वाट्या पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि दोन-तीन तासांत संपवा.

एक गंमत. मुलाने अर्धी वाटी खाऊन ठेवली आणि तासाभराने बघितलं तर पुडिंग पाण्यासारखं पातळ! दूध नासलं असं वाटतं, पण बहुतेकदा कारण असतं उष्टा चमचा. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. म्हणून मुलाला लहान वाटीत काढून द्या, पातेल्यात चमचा घालू देऊ नका.

पाकिटातली कस्टर्ड पावडर चालेल का?

चालेल, पण तिच्यात जादू काही नाही. 1837 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. आजही त्या पावडरीत मुख्यतः मक्याचं स्टार्च असतं, बाकी रंग आणि व्हॅनिलाचा वास. सीताफळाला स्वतःचा वास असताना वरून व्हॅनिला कशाला? साधं कॉर्नफ्लोअर स्वस्तही पडतं.

सीताफळाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 95 कॅलरी, 4 ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ आणि 36 मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं. गर तापवला नाही तर क जीवनसत्त्वही बरंचसं टिकतं. एका वाटीत सुमारे 100 मिलिलिटर दूध जातं, म्हणजे तीनेक ग्रॅम प्रथिनं आणि शंभरावर मिलीग्रॅम कॅल्शियम. फार नाही, पण दुधाचा पेला ढकलून देणाऱ्या मुलासाठी बरंच.

साखर मात्र मोजून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी 5 टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम चार लहान चमचे, आणि त्यात चहा, बिस्कीट सगळं आलं. वरच्या कृतीत पूर्ण पातेल्याला दोनच चमचे आहेत. फळ चांगलं पिकलेलं असेल तर तेही वगळा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वाटीत साखर किंवा गूळ घालूच नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही. आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या पुडिंगवर अख्खे बदाम-काजू लावून फोटो काढायचा मोह आवरा. ते घशात अडकतात.

सीताफळ नसेल तेव्हा

भाजलेल्या ज्वारीच्या पिठाचं पुडिंग याच पद्धतीने होतं. दोन चमचे पीठ तुपावर खमंग भाजा, गार दुधात कालवा, शिजवा. गोडीला गूळ हवा असेल तर पातेलं उतरवून कोमट झाल्यावरच घाला, उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. गोठ्यात म्हैस व्यायली असेल तर खरवस आहेच! चिकातली प्रथिनं नुसत्या वाफेवर घट्ट होतात, म्हणून त्याला पीठ लागत नाही की अंडं लागत नाही. माझ्या मते जगातल्या कुठल्याही पुडिंगच्या तो तोडीस तोड आहे. फक्त वासराच्या वाट्याचं आधी त्याला पाजून.

खायला कसं द्यायचं?

इथे बहुतेक घरं घसरतात. "भाजी खाल्लीस तर पुडिंग देईन." हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि त्या वेळेपुरतं ते लागूही पडतं. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांच्या 1980 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की बक्षीस देऊन एखादा पदार्थ प्यायला लावला की मुलांना तो पदार्थ आधीपेक्षा कमी आवडायला लागतो. मुलाच्या डोक्यातला हिशोब सरळ असतो: ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार. म्हणून पुडिंग जेवणासोबतच ताटात लहान वाटीत ठेवा. आधी संपवलं तर संपवू द्या, दुसरी वाटी मात्र नाही.

नवीन चव पहिल्या दिवशी नाकारली म्हणून सोडू नका. अनेक मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा तीच गोष्ट समोर यावी लागते. वास घेतला, बोट लावून चाटलं, तेही धरायचं. पहिल्या खेपेला पातेल्यात गर दोनच चमचे घाला, पुढच्या वेळी चार. एकदम पूर्ण कप घालून "बघ किती छान" म्हणून मागे लागलात की सीताफळ वर्षभरासाठी गेलं.

आणि भूक तपासा. दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूकच उरत नाही आणि त्याच्या शरीरात लोह कमी पडायची शक्यता वाढते. सकाळ-संध्याकाळ चहा असेल तर आणखी वाईट, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मूल माती किंवा खडू खात असेल, वजन वाढत नसेल, गिळताना सारखा ठसका लागत असेल किंवा खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमीच होत चालले असतील, तर तो हट्ट समजू नका. अंगणवाडीत वजन करून घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

दिवाळीनंतर फळं संपत आली की ज्यांच्याकडे फ्रीझर आहे त्यांनी बिया काढलेल्या गरात दोन-चार थेंब लिंबू पिळून वाटी-वाटीचे डबे भरून ठेवावेत. लिंबामुळे गर लवकर काळा पडत नाही. वापरताना डबा रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा आणि सकाळी कोमट पुडिंगमध्ये मिसळा. घाईत गॅसवर वितळवायला गेलात तर पुन्हा कडू.